आडनाव हा सातबारा नव्हे

नवा माणूस भेटला की आपण त्याचे नाव विचारतो. त्याने 'सुरेश' किंवा 'बसवराज' असे सांगितले, तरी आपले समाधान होत नाही. 'पूर्ण नाव सांगा' हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. या पूर्ण नावात आपल्याला त्याच्या वडिलांचे नाव नको असते. हवे असते ते आडनाव. आडनाव कळले म्हणजे समोरच्याची जात कळली, घरची भाषा कळली, मूळ प्रांत कळला आणि आपल्या या सीमाभागात तो 'आपल्यातला' की 'त्यांच्यातला' हेही कळले, असे आपण मानून चालतो. विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी वाईट हेतू असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळदा ती नुसती सवय असते. परंतु ज्या खुणेवर विसंबून आपण माणसांची वाटणी करतो, ती खूण कितपत भरवशाची आहे याचा विचार निदान महाविद्यालयात तरी व्हावयास हवा. माझे मत असे की ती मुळीच भरवशाची नाही. आडनाव बोलके असते हे खरे. पण आपण त्याला जे विचारतो, नेमके तेच ते सांगत नाही.

उदाहरण घरचेच घेतो. माझे आडनाव बासरकर. हे ऐकले की काहीजण विचारतात, "म्हणजे तुम्ही मूळचे तेलुगू का?" काहीजण त्याही पुढे जाऊन घरी तेलुगू बोलता का, असे विचारतात. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलतात. आमचे पणजोबा बासर सोडून धर्माबादला आले आणि आजोबा नोकरीच्या निमित्ताने इकडे आले, एवढाच काय तो आमचा इतिहास. बासर हे गोदावरीकाठचे गाव. तेथील ज्ञानसरस्वतीचे मंदिर प्रसिद्ध आहे. पाटीवर पहिले अक्षर गिरवून घेण्यासाठी तेलंगणातून येतात तशीच मराठवाड्यातूनही आईबाप मुलांना घेऊन तेथे येतात. निजामाबादकडून नांदेडकडे रेल्वेने येताना गोदावरी ओलांडली की बासर लागते आणि बासर गेले की महाराष्ट्रातले धर्माबाद.

आता हे बासर 'कोणाचे' ते पाहा. १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात मोडत असे आणि बासर हे या मुधोळ भागातले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यपुनर्रचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. बीदर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. या वाटणीत नांदेड जिल्हा मुंबई राज्याकडे आला, पण मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे वगळली गेली व ती पुढे आदिलाबाद जिल्ह्यात धरली जाऊ लागली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. पुढे २०१४ साली तेलंगणा हे स्वतंत्र राज्य झाले आणि २०१६ साली आदिलाबादचे विभाजन होऊन बासर निर्मल जिल्ह्यात गेले. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात या गावाने तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले, आणि गाव स्वतः तसूभरही हलले नाही. मग 'बासरकर' या आडनावावरून तुम्ही कोणत्या राज्याचा, कोणत्या भाषेचा निष्कर्ष काढणार?

येथे 'कर' या प्रत्ययाविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गावात राहणाऱ्याला गावाचे आडनाव मिळत नाही. बासरमध्ये सगळेच बासरचे. तेथे एखाद्याला बासरकर म्हणण्यात अर्थच नाही. तो धर्माबादला, नांदेडला, सोलापूरला किंवा बेळगावला गेला की नव्या ठिकाणचे लोक त्याला 'तो बासरचा', 'बासरकर' असे म्हणू लागतात. म्हणून 'कर' लागलेले आडनाव बहुधा गाव सोडल्याची खूण असते. देगलूरकर देगलूरबाहेर झाले, मिरजकर मिरजेबाहेर झाले. मल्हाररावांचे घराणे नीरेकाठच्या होळ गावचे, म्हणून ते होळकर. आणि त्यांचे राज्य झाले ते दूर माळव्यात. फलटणचे निंबाळकर हे मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले असे सांगतात. गावाचे नाव माणसाला चिकटते ते माणूस गावापासून दूर गेल्यावर.

हा केवळ मराठी मुलखाचा प्रकार नाही. मी इंग्रजीचा अध्यापक असल्यामुळे इंग्लंडमधील एका आडनावाची हकीकत येथे सांगतो, कारण ती बासरकरांच्या हकिकतीशी चांगलीच जुळते. ईशान्य इंग्लंडमध्ये पूर्वीच्या डरहॅम परगण्यात वॉशिंग्टन नावाचे एक जुने गाव आहे. 'वस्सा' नावाच्या कोणा माणसाच्या लोकांची वस्ती, असा या नावाचा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे आधी माणूस, मग त्याच्या नावाचे गाव. बाराव्या शतकात विल्यम नावाच्या एका सरदाराने ही जहागीर घेतली. तोपर्यंत तो आपल्या आधीच्या गावावरून 'हार्टबर्नचा विल्यम' म्हणून ओळखला जात असे. जहागीर बदलताच तो 'वेसिंग्टनचा विल्यम' झाला. गाव बदलले तसे आडनावही बदलले! पुढे हे नाव घराण्याला कायमचे चिकटले. त्याच घराण्यातील एक जॉन वॉशिंग्टन सतराव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत व्हर्जिनियात जाऊन राहिला. त्याचा पणतू जॉर्ज वॉशिंग्टन, जन्म १७३२, हा अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला. त्याचे नाव १७९१ साली नव्या राजधानीला दिले गेले आणि १८८९ साली याच नावाचे एक राज्यही अमेरिकेच्या संघराज्यात आले. माणसावरून गाव, गावावरून आडनाव, आडनावावरून पुन्हा शहर आणि राज्य असा हा प्रवास आहे. आज अमेरिकेत वॉशिंग्टन आडनावाची जी माणसे आहेत, त्यांतील फार मोठा वर्ग कृष्णवर्णीयांचा आहे. त्या डरहॅममधल्या खेड्याशी त्यांच्या रक्ताचा काही संबंध असण्याचे कारण नाही. तेव्हा आडनावावरून वंश ओळखू पाहणाऱ्याची तेथेही फजितीच होणार.

इंग्लंडात आडनावे पिढीजात झाली ती १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर हळूहळू. १४०० च्या सुमारास बहुतेक घराण्यांना ठरलेले आडनाव आले होते. जमिनीचा वारसा ठरवावयाचा, करवसुलीची यादी करावयाची, तर एकाच गावातले दहा जॉन वेगळे ओळखता आले पाहिजेत. मग कोणी गावावरून ओळखला गेला, कोणी बापावरून 'जॉन्सन' म्हणजे जॉनचा मुलगा झाला, कोणी धंद्यावरून 'स्मिथ' म्हणजे लोहार झाला, तर कोणी छपरे शाकारतो म्हणून 'थॅचर' झाला. आपल्याकडेही जुन्या मराठी कागदांत 'अमुक बिन तमुक' अशी बापाच्या नावाने ओळख दिलेली आढळते आणि आडनाव कधी असते, कधी नसते. शाळेचे दाखले, पलटणीचे पट, कोर्टाचे कागद आणि रेल्वेतल्या नोकऱ्या आल्या तेव्हा प्रत्येकाला एक कायमचे आडनाव सांगणे भाग पडले. त्या दिवशी लिहून घेणाऱ्या मास्तरांनी किंवा कारकुनाने जे कागदावर उतरविले, तेच पुष्कळ घरांचे आडनाव होऊन बसले.

आता बासर या नावाकडेच वळू. महर्षी व्यास गोदावरीकाठी राहिले, त्यांनी रोज नदीतली मूठमूठ वाळू आणून देवीची मूर्ती घडविली आणि त्यांच्यावरून या स्थानाला 'व्यासर', मग 'वासर' आणि पुढे मराठीच्या प्रभावाने 'बासर' असे नाव पडले, अशी परंपरागत कथा आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धेपाशी ठेवू. मला आक्षेप घ्यावयाचा आहे तो 'मराठीच्या प्रभावाने' या शब्दांना. 'व' चा 'ब' करणे हा मराठीचा स्वभाव नव्हे. हिंदीत बाघ, बड आणि बिजली असते. मराठीत वाघ, वड आणि वीज असते. उलट कन्नडाकडे पाहा. धनुष्याला तेलुगूत 'विल्लु', कन्नडात 'बिल्लु'. झाडाच्या मुळाला तेलुगूत 'वेरु', कन्नडात 'बेरु'. संस्कृत 'वृषभ' वरून कन्नडात 'बसव' झाले. तेव्हा वासरचे खरोखरच बासर झाले असेल, तर तो बदल मराठीपेक्षा कन्नडाच्या किंवा हिंदी-दखनीच्या वळणाचा आहे, असे मला वाटते.

गोदावरीकाठी कन्नड कोठून आली, असे आमच्या मराठी विद्यार्थ्यांना वाटेल. नवव्या शतकातल्या 'कविराजमार्ग' या कन्नड ग्रंथात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. कन्नडाचा आदिकवी पंप याने ९४१ च्या सुमारास 'विक्रमार्जुनविजय' रचले ते वेमुलवाड्याच्या चालुक्यांच्या दरबारात, आणि ते वेमुलवाडा आज तेलंगणात आहे. त्याच्या भावाने, जिनवल्लभाने, करीमनगर भागात कुरिक्याल येथे जो शिलालेख कोरवून घेतला त्यात संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा आहेत. मराठवाड्यातही चालुक्यकालीन कन्नड शिलालेख सापडतात. मग काय, बासर कन्नडिगांचे म्हणावयाचे? मुळीच नाही. तेथे आज बोलली जाते ती तेलुगू आणि तिच्या जोडीला मराठी. सांगावयाचे एवढेच की हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनाही एका दगडावर तीन भाषा लिहिण्यात काही अडचण वाटली नव्हती.

आडनावांतही या तीन भाषा अशाच शेजारी नांदतात. मराठीत 'आडनाव', कन्नडात 'अड्डहेसरु'. 'आड' आणि 'अड्ड' दोन्हींचा अर्थ आडवा, बाजूचा. तेलुगूत त्याला 'इंटिपेरु' म्हणजे घराचे नाव म्हणतात आणि ते आधी लिहितात. सर्वपल्ली राधाकृष्णन यांतील 'सर्वपल्ली' हे त्यांचे स्वतःचे नाव नव्हे; नेल्लूर भागातल्या ज्या गावाहून त्यांचे घराणे आले त्या गावाचे ते नाव. ते आपल्याकडे जन्मले असते तर 'राधाकृष्णन सर्वपल्लीकर' झाले असते. दक्षिण कर्नाटकातही मास्ती वेंकटेश अय्यंगार यांच्या नावात गाव आधी येते. उत्तर कर्नाटकात मात्र मराठीसारखे गाव शेवटी येते, फक्त 'कर' लागत नाही. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर, हनगलच्या गंगूबाई हनगल. आणि त्याच भागातल्या सवाई गंधर्वांना आपण रामभाऊ कुंदगोळकर म्हणतो. तेथे कुंदगोळला मराठी 'कर' लागला आहे.

नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या भागांत 'वार' ने संपणारी आडनावे पुष्कळ आहेत. हा 'वार' म्हणजे तेलुगूतला 'वारु', अर्थात 'ती मंडळी', 'त्या घरचे'. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार (१९६२-६३) यांच्या आडनावातला 'वार' तोच, पण त्यांना कोणी परके मानले नाही. आपल्या बेळगाव-धारवाडकडे मल्लण्णवर, कल्लण्णवर अशी आडनावे आहेत. त्यांतला 'अवर' म्हणजे 'त्यांचे', आदरार्थी. तेलुगूचा 'वारु' आणि कन्नडाचा 'अवरु' हे एकाच कुळीचे शब्द. अर्थाच्या बाजूनेही पाहा. तेलुगूत चिंचेच्या झाडाला 'चिंत' म्हणतात, त्यावरून चिंतावार. मराठी माणसाला मात्र हे आडनाव ऐकून उगाच काळजीची आठवण होते. मराठीत चिंचोळीकर, आणि कन्नडात 'हुणसे' म्हणजे चिंच, त्यावरून हुणशीकट्टी. तिघेही एकाच झाडाखालून निघालेले, आणि आज एकमेकांची आडनावे ऐकून एकमेकांना परके समजतात.

गावावरून पडलेल्या आडनावात आणखी एक गंमत आहे. मुधोळ दोन आहेत. एक बासरशेजारचे, दुसरे बागलकोट जिल्ह्यातले, घोरपड्यांच्या संस्थानाचे. दोन्ही ठिकाणांहून बाहेर पडलेली माणसे मुधोळकरच होणार. १९१२ साली बांकीपूर येथे काँग्रेसचे अध्यक्ष झालेले रघुनाथ नरसिंह मुधोळकर अमरावतीचे प्रसिद्ध वकील होते. 'मुधोळकर' एवढ्या अक्षरांवरून कृष्णा खोरे की गोदावरी खोरे हे कोणी सांगू शकणार नाही. इंग्लंडमध्ये 'न्यूटन' म्हणजे नवे गाव, आणि अशी नवी गावे ठिकठिकाणी असल्याने सगळे न्यूटन एका घराण्याचे असू शकत नाहीत. सारखे आडनाव म्हणजे सारखे रक्त, हा समज येथे कोसळतो.

हुद्द्यावरून पडलेल्या आडनावांची स्थिती तर त्याहून बोलकी आहे. माझ्या वर्गाच्या हजेरीपटात पाटील पाच-सहा असतात. त्यांत एक मराठा, एक-दोन लिंगायत, एक जैन आणि एखादा मुसलमान असतो. काहींच्या घरी मराठी, काहींच्या घरी कन्नड, एकाच्या घरी दखनी. पाटील ही जात नव्हे आणि भाषाही नव्हे. ती गावकारभारातली एक जागा होती. कुलकर्णी, देशपांडे, देसाई यांचेही तसेच. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. दप्तर गेले, वतन गेले, आडनाव तेवढे मागे राहिले. ज्या कामाचे ते नाव आहे ते काम आज त्या घरातला कोणीही करीत नाही, तरीही आडनावाचा ताठा मात्र काही घरांतून गेलेला दिसत नाही. जे काम आपण केले नाही त्याचा अभिमान कशाला, आणि जो दोष आपण केला नाही त्याची लाज तरी कशाला?

भाषेच्या बाबतीत धारवाडचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात ते कन्नड शिकवीत आणि कन्नड काव्यासाठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्याच आडनावाचे वा. सी. बेंद्रे मराठीतले नामवंत इतिहाससंशोधक. आणि त्याच धारवाडात इंग्रजी शिकवीत आयुष्य काढलेले जी. ए. कुलकर्णी मराठी कथेतले अग्रगण्य लेखक. धारवाडात कुलकर्णी हे नाव ऐकून कोणी त्यांना कन्नड लेखक समजला असता आणि बेंद्रे हे नाव ऐकून द. रां. ना मराठी कवी समजला असता, तर आडनावाच्या हिशेबाने त्याचे काहीच चुकले नसते. पण दोन्ही उत्तरे साफ खोटी ठरली असती.

सीमाप्रश्नात मला येथे शिरावयाचे नाही. तो न्यायालयाचा आणि लोकमताचा विषय आहे. तथापि त्या वादात दोन्ही बाजूंकडून एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, त्याला मात्र माझा विरोध आहे. 'या गावातली आडनावे पाहा, म्हणजे गाव कोणाचे ते कळेल,' असे एक बाजू म्हणते. 'तुमच्या आडनावाचे मूळ पाहा, तुम्ही मूळचे आमचेच,' असे दुसरी म्हणते. दोघेही आडनावाचा सातबारा करतात. सातबाऱ्यावर जमीन कोणाच्या ताब्यात आहे हे लिहिलेले असते. आडनावावर आपला कोणी एक पूर्वज केव्हातरी कोठून आला किंवा काय करीत होता, एवढेच लिहिलेले असते. माणूस आज कोणती भाषा बोलतो, कोणत्या भाषेत मुलांना शिकवू इच्छितो, हे त्या जिवंत माणसालाच विचारले पाहिजे. त्याच्या पणजोबाच्या गावाने त्याच्या वतीने मत देण्याचे कारण नाही.

राहिला जातीचा प्रश्न. आडनाव विचारण्यामागे पुष्कळदा तोच असतो, हे मान्य केले पाहिजे. यावर उपाय म्हणून आडनावच टाकून द्यावे, असे काहीजण म्हणतात. तमिळनाडूत पेरियार रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातिवाचक उपनामे टाकण्याचा ठराव केला आणि तेथे ती प्रथा खरोखरच मागे पडली. हे मोठे काम झाले यात शंका नाही. पण आडनाव गेले म्हणजे जातिभेद गेला असे तेथेही झालेले नाही. ज्याला जात हुंगावयाचीच आहे तो गाव विचारतो, गल्ली विचारतो, देव विचारतो. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ घराणे सकपाळ. आंबडवे या कोकणातल्या गावावरून आंबडवेकर, आणि पुढे शाळेच्या दप्तरात आंबेडकर झाले, असे सांगतात. गावाच्या नावात जात नसते, हे 'कर' आडनावांचे मोठेच वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. एकाच गावातून निघालेले ब्राह्मण, मराठा, महार, कोष्टी सगळेच बाहेर गेल्यावर त्या गावचे 'कर' होऊ शकतात. म्हणून आडनाव टाकण्यापेक्षा त्यावरून काही ठरविण्याची सवय टाकावी, असे माझे मत आहे. ज्यांना आडनावामुळे नित्य अपमान सोसावा लागतो त्यांनी ते बदलले तर मात्र त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. सोसणारा तो आहे, आपण नव्हे.

विद्यार्थिनींच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. मुलीचे आडनाव लग्नानंतर बदलते, आणि काही घरांत तर नावही बदलते. घराण्याचा अभिमान सांगणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. आपल्याला आठ पणजोबा-पणज्या असतात. आडनाव येते त्यांतल्या एकाचेच. उरलेल्या सात जणांची गावे आणि त्यांच्या भाषा आपल्या आडनावात कोठेच नसतात. माझी एक पणजी निर्मलकडची होती आणि तेलुगू बोलत असे, ही गोष्ट 'बासरकर' या नावावरून कोणालाही कळणार नाही. आम्हाला कळली ती आजीने सांगितल्यामुळे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिणे सरकारी कागदपत्रांसाठी आवश्यक केले आहे. एवढ्याने सगळे साधेल असे नाही, पण निम्म्या पूर्वजांची निदान आठवण तरी राहील.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आडनावाचा तिरस्कार करा असे माझे सांगणे नाही. उलट त्याचा अभ्यास करा, कारण त्यात आपल्या मुलखाची स्थलांतरे, दुष्काळ, वतने, धंदे, झाडे आणि भाषा यांचा मोठा साठा आहे. या सुटीत घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून विचारा: आपण कोठून आलो, केव्हा आलो, हे आडनाव कोणी लावले, आणि त्यापूर्वी आपल्याला काय म्हणत? आजीला तिच्या माहेरचे आडनाव आणि गाव विचारा. मराठी विभागाच्या मुलांनी ही माहिती कन्नड विभागाच्या मित्रांना सांगावी आणि त्यांची ऐकावी. दहा घरांची माहिती गोळा झाली तरी आपण एकमेकांच्या किती जवळचे आहोत याचा पुरावा हाती येईल आणि आपल्या या नियतकालिकाला पुढच्या वर्षी दोन्ही भाषांत छापण्याजोगा चांगला मजकूर मिळेल. आणि एवढे झाल्यावर कोणी नवा माणूस भेटला, तर त्याचे आडनाव जरूर विचारा. पण ते ऐकून गप्प बसू नका, कारण खरी विचारपूस तेथून पुढे सुरू व्हावयाची असते.